पुसून टाकलेले सहा तास

मुजीब शेखला गोंधळलेलं नळदुर्गात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. बंद पडलेला टीव्ही असो, पाण्यात पडलेला मोबाइल असो, नाहीतर हायवेवरच्या ढाब्याचा जळका इन्व्हर्टर असो, त्याची रीत एकच. मागचं झाकण काढायचं, दोन मिनिटं नुसतं बघायचं, मग एका जागी बोट ठेवून म्हणायचं, "हितं हाय." बहुतेक वेळा ते तिथंच असायचं.

त्याच मुजीबला गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, शेजारच्या चहावाल्यानं पाहिलं तेव्हा तो स्टुलावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि नजर समोरच्या स्क्रीनवर खिळलेली होती. चहावाल्यानं कप ठेवला, हाक मारली. मुजीबनं मान वर केली नाही. चहावर साय धरली तरी कप तसाच.

"मुजीबभाई, घरी सगळं ठीक हाय ना?"

"घरी ठीक हाय," मुजीब म्हणाला. "पण सकाळ न्हाय राहिली."

चहावाल्याला काहीच कळलं नाही. कळायला आधीचं बरंच माहीत असावं लागतं.

मुजीबचे वडील रसूल शेख विहिरीवरच्या मोटारी भरायचे. जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेटोळी घालून बसवायची, वार्निश लावायचं. मुजीब त्यांच्याकडं तारेची भाषा शिकला, पण जीव रमला रेडिओत. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. लोहारा-उमरग्याकडची गावं भुईसपाट झाली होती. चादरी आणि भाकरी घेऊन निघालेल्या एका टेंपोत वडिलांनी दुकानातल्या चार्ज केलेल्या सहा बॅटऱ्या टाकल्या आणि त्यांच्यासोबत मुजीबला पाठवलं.

सास्तूरजवळ एका उभ्या राहिलेल्या लिंबाला बाहेरून आलेल्या दोघांनी तार बांधली होती. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेनं स्वतःचं वायरलेस चालवणारे. फोनचे खांब पडलेले, एक्स्चेंज बंद, आणि त्या दोघांतला एक कानाला हेडफोन लावून हैदराबादेतल्या माणसाशी बोलत होता. कुणाचा मुलगा जिवंत आहे, कुणाला रक्त पाहिजे, नावानिशी. मुजीबनं बॅटरी जोडून दिली आणि विचारलं, "मधी कोण हाय?"

"मध्ये कोणी नाही," तो माणूस म्हणाला. "हवा आहे फक्त."

मुजीब हे वाक्य आयुष्यभर लोकांना सांगत आला. ज्या यंत्रणेच्या मध्ये साहेब बसलेला नाही, ती संकटात बंद पडत नाही, असं त्याचं ठाम मत झालं ते तिथून.

पुढं बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान झालं, लग्न झालं, युसरा झाली. युसरा हुशार निघाली, सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली. लॉकडाऊनमध्ये घरी अडकली असताना तिनं वडिलांना ओरिंडाबद्दल सांगितलं. पैसे पाठवायचं एक जाळं. त्यातलं नाणं डॉलरच्या भावाला बांधलेलं. बँक नाही, मालक नाही. कुणी कुणाला किती पाठवले याची नोंद जगभरातल्या चार हजार मशीनवर एकसारखी राहते, त्यामुळं कुण्या एकाला ती खोडता येत नाही.

"मधी कोण हाय?" मुजीबनं लगेच विचारलं.

"कुणी नाही, अब्बा."

मुजीबचे डोळे चमकले. पंधरा दिवसांत त्यानं जुने भाग जोडून एक मशीन उभं केलं, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर लावला, फायबरची लाइन घेतली आणि त्या चार हजारांत स्वतःचं एक मशीन घातलं. ह्याचे त्याला पैसे मिळत नव्हते, उलट महिन्याला हजार-बाराशेचं वीजबिल वाढलं. पण जाळ्याच्या नकाशावर सोलापूर आणि हैदराबादच्या मध्ये एक हिरवा ठिपका उमटला आणि त्याखाली लिहिलं होतं, नळदुर्ग. चार वर्षं त्यानं तो ठिपका विझू दिला नाही. दिवसदिवस लाइट नसली तरी तो ढाब्याच्या जनरेटरवरून बॅटऱ्या चार्ज करून आणायचा.

आता नळदुर्ग आणि आसपासच्या गावांतली साठेक माणसं मस्कतला कामाला आहेत. कुणी रंगारी, कुणी एसी मेकॅनिक, कुणी सळया बांधणारा. त्यांचा एक मदत फंड होता. कुणी आजारी पडलं, कुणाचं काही बरंवाईट झालं तर त्यातून खर्च करायचा. तो एका माणसाच्या बँक खात्यात ठेवलेला. तो माणूस कोरोनात गेला आणि त्याचे तीन वारस भांडत बसले. फंड अडकून पडला. पुन्हा नव्यानं जमवायची वेळ आली तेव्हा बैठक धुळाप्पांच्या अंगणात झाली. धुळाप्पा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांचा मुलगा बालाजी मस्कतलाच. गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्या बैठकीत मुजीब उभा राहिला.

"एका माणसाच्या हातात दिलं म्हणून अडकलं ना? मग कुणाच्याच हातात नको. ओरिंडावर ठेवू. तीन किल्ल्या करू. तीनपैकी दोघांनी हो म्हटलं की पैसे निघतील. बाकी जगात कुणालाबी त्याला हात लावता यायचा न्हाय. ह्याला मालकच न्हाय."

"मुजीबभाई, तुम्ही जबान देता?" धुळाप्पांनी विचारलं.

"देतो."

किल्ल्या म्हणजे मोबाइलमधले गुप्त शब्द. एक मुजीबकडं, एक धुळाप्पांकडं आणि एक मस्कतला अक्रमकडं. अक्रम म्हणजे नळदुर्गातल्याच सायराबींचा धाकटा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, सळया बांधायच्या कामावर. पोरगं हिशेबी आणि नेक, म्हणून एकमतानं त्याचं नाव ठरलं. महिन्याला माणशी दोन रियाल. चार वर्षांत फंडातून सात जणांना मदत गेली, एकदाही अडचण आली नाही.

त्या मंगळवारी सकाळी दहाला बालाजीचा फोन आला. अक्रम तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. कमरेचं हाड मोडलेलं, आत रक्तस्राव. खासगी दवाखान्यात नेलं होतं, पण ज्या ठेकेदाराकडं काम होतं त्यानं विम्याचे पैसे भरलेच नव्हते आणि आता तो फोन उचलत नव्हता. ऑपरेशनच्या आधी अकराशे रियाल भरा, असं दवाखाना म्हणत होता.

मुजीबनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकलवर धुळाप्पांना घेऊन आला. पाठोपाठ सायराबी आल्या. चालत आल्या होत्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, त्यांना पत्ताच नव्हता.

"आपा, बसा," मुजीब म्हणाला. "पाच मिनिटांत होतंय."

मस्कतला रुवी भागात कळंबच्या बब्रुवानचं मोबाइलचं दुकान होतं. वीस वर्षं तिथं काढलेला माणूस. फंडातून पैसे त्याच्या ओरिंडा खात्यात जायचे आणि तो तेवढ्या किमतीचे रियाल रोख द्यायचा. अकरा वाजून चार मिनिटांनी मुजीबनं आपली किल्ली फिरवली, धुळाप्पांनी चष्मा पुसून आपली. आठ सेकंदांत स्क्रीनवर हिरवी खूण आली. मुजीबनं आपल्या मशीनवर नोंद उघडून खात्री करून घेतली. लगेच बब्रुवानचा फोन.

"पोचले, मुजीबभाई. बालाजी समोरच उभा हाय. मोजून देतो."

बाराच्या आत पैसे दवाखान्यात भरले गेले. दीडला अक्रमला ऑपरेशनला नेलं. सायराबींनी दुकानातल्या बाकावरच दुवा मागितली. धुळाप्पा मुजीबच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई भारी काम केलंत हो हे. बँकेत असते तर अजून अर्जच लिहीत बसलो असतो."

मुजीबला त्या क्षणी जे वाटलं ते त्यानं नंतर युसराला सांगितलं. त्याला सास्तूरचा तो लिंब आठवला. आपणही एका माणसाचा जीव वाचेल असं काहीतरी जोडून दिलं, असं वाटलं.

साडेतीनला मशीनचा पंखा जोरात फिरायला लागला. मुजीबनं पाहिलं तर शेजारी कमी होत होते. जाळ्यातलं प्रत्येक मशीन इतर चाळीस-पन्नास मशीनशी जोडलेलं असतं, त्यांना तो शेजारी म्हणायचा. बेचाळीसाचे तीस झाले, तिसाचे अकरा, अकराचे तीन. त्याला वाटलं, केबल कुठं तुटली. झाकण काढलं, तार पाहिली, राउटर बंद करून चालू केला. सगळं ठीक होतं. फक्त शेजारी जात होते.

तेवढ्यात बब्रुवानचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मुजीबभाई, पैसे न्हाईत हो."

"कुठले पैसे?"

"सकाळचे. माझ्या खात्यात न्हाईत."

"कुणी काढले? पासवर्ड कुणाला दिला होता का?"

"कुणी काढले न्हाईत. काढले असते तर काढल्याचं दिसलं असतं की! आलेच नव्हते असं दिसतंय. काल रात्री जेवढे होते तेवढेच हायत. तुमचं नावच न्हाय कुठं. आन् मी तर गल्ल्यातले अकराशे रियाल मोजून दिले. मालाचे पैसे होते ते. आता काय करू?"

मुजीबनं आपल्या मशीनवर पाहिलं. अकरा वाजून चार मिनिटं. फंडातून बब्रुवानला. नोंद तिथंच होती, हिरव्या खुणेसकट. मग त्यानं मोबाइलवर ओरिंडाचं ॲप उघडलं. तिथं अकरा चारला काहीच नव्हतं. फंडातले पैसे पूर्ण, एक नाणंही कमी नाही. त्यानं मोबाइल झटकला. घड्याळ झटकावं तसा. परत पाहिलं. तेच.

मग सूचना सापडली. ओरिंडाच्या संस्थेनं काढलेली, सात ओळींची. परदेशातल्या एका मोठ्या व्यापारी खात्यातून सकाळी मोठी चोरी झाली होती. चोरी उलटवण्यासाठी, 'जाळ्याच्या हितासाठी', भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ दहा ते दुपारी तीन वीस या वेळेतल्या सगळ्या नोंदी रद्द करण्यात आल्या होत्या. जाळं तूर्त थांबवलं आहे. सर्वांनी आपल्या मशीनवर नवीन सॉफ्टवेअर टाकून घ्यावं. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सहा तास दहा मिनिटं. जगभरात त्या वेळेत कुणी कुणाला जे काही दिलं होतं, ते सगळं दिलंच नव्हतं.

मुजीबला कुणी जोरात थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. चहावाल्यानं चहा आणून ठेवला तो ह्याच वेळी.

युसरा तोवर पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायला लागली होती. वडिलांचा फोन आला तशी ती स्कूटीवर दुकानात आली. तिनं सूचना दोनदा वाचली.

"असं करता येतं?" मुजीबनं विचारलं. "चार हजार मशीन हायत. मला कुणी विचारलं न्हाय. माझ्या मशीनवर तर नोंद तशीच हाय."

"अब्बा, आपलं मशीन नोंद बघतं आणि जपतं. नवीन नोंदीवर शिक्का मारणारी मशीनं वेगळी. एकवीस."

"ते म्हायती हाय मला. एकवीस हायत. एकवीस देशांत हायत, निवडून आलेली हायत. सगळी एकदम कशी ऐकतील?"

युसरा लॅपटॉप उघडून बसली. लोक चिडून एकेक माहिती बाहेर काढत होते, ती वाचत गेली, पडताळत गेली. तासाभरानं तिनं लॅपटॉप वडिलांकडं वळवला.

"एकवीस नावं आहेत, अब्बा. एकवीस जागा नाहीत. तेरा मशीनं एकाच इमारतीत आहेत, एकाच कंपनीकडून भाड्यानं घेतलेली. सहा संस्थेची स्वतःचीच, वेगवेगळ्या नावांनी. उरली दोन. त्या दोघांना नंतर कळवलं."

"आन् ठरलं कुठं?"

"त्यांच्या एका बंद ग्रुपवर. अकरा जण होते. चाळीस मिनिटांत ठरलं."

मुजीब स्क्रीनवरच्या त्या यादीकडं बघत राहिला. त्याच्या मनात आलं, चार वर्षं आपण ढाब्यावरून बॅटऱ्या वाहिल्या. आपल्याला वाटायचं, जाळ्याचा एक धागा आपल्या हातात आहे. धागा नव्हताच. आपण सिनेमा बघणाऱ्यांपैकी होतो. मशीन चालवणारे अकरा जण आत बसले होते आणि त्यांनी दिवसाचा मधलाच तुकडा कापून टाकला.

"मालक हाय तर," तो हळूच म्हणाला. "म्या साठ माणसांना सांगितलं, मालक न्हाय."

त्यानं युसराला ओरिंडाच्या चर्चेच्या पानावर इंग्रजीत लिहायला सांगितलं. शब्द त्याचे, भाषा तिची. 'आज अकरा वाजून चार मिनिटांनी आम्ही एका जखमी माणसासाठी पैसे दिले. ते पोचले, खर्च झाले, त्याचं ऑपरेशन झालं. आता तुम्ही म्हणता, ते दिलेच नाहीत. ऑपरेशन पण झालंच नाही असं म्हणणार का? हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?' खाली त्यानं नाव आणि गाव घातलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. त्यांना त्याची भावना समजत होती. थोड्या लोकांना त्रास झाला असेल, पण बहुसंख्यांचं हित पाहावं लागतं. मुजीबनं पुन्हा विचारलं, "बहुसंख्य म्हंजे किती? अकरा?" ह्या प्रश्नानंतर त्या पानावर त्याचं लिहिणं बंद करण्यात आलं. पान दिसत होतं, लिहिता येत नव्हतं.

संध्याकाळी बालाजीचा निरोप आला, ऑपरेशन नीट पार पडलं, अक्रम शुद्धीवर येतोय. सायराबी रडल्या. मुजीबही रडला, पण त्याचं रडणं नुसत्या आनंदाचं नव्हतं.

गुरुवारी दुपारी जाळं पुन्हा सुरू झालं. आता बब्रुवानचे पैसे पुन्हा पाठवायचे, एवढंच काम होतं. अक्रमची किल्ली त्याच्या फुटलेल्या मोबाइलमध्ये, तो अजून धड बसूही शकत नव्हता. म्हणजे मुजीब आणि धुळाप्पा, दोघांचीही किल्ली पाहिजे. मुजीब त्यांच्या घरी गेला तर अंगणात चार माणसं आधीच बसलेली. धुळाप्पांनी मोबाइल पुढं केला नाही.

"मुजीबभाई, एक विचारू का? फंडातले पैसे फंडात हायत ना?"

"हायत."

"मग आता पुन्हा द्यायचे, ते कशाचे?"

"अण्णा, बब्रुवानरावांनी रोख दिलेत. अक्रमचं ऑपरेशन त्यावर झालं."

कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "त्यो दुकानदार हाय. धंद्यात वरखाली व्हायचंच. अकरा चारला पाठवलं व्हतं याचा पुरावा काय? कंपनीच म्हणती न्हाय पाठवलं."

मुजीबला पुन्हा तसाच धक्का बसला, मंगळवारपेक्षा मोठा. मंगळवारी परक्या लोकांनी सकाळ पुसली होती. आता ज्यांच्यासमोर ती सकाळ घडली, तेही पुसायला तयार होते.

"अण्णा, तुमी हजर होता," तो म्हणाला. "चष्मा पुसून तुमी किल्ली फिरवली."

धुळाप्पा म्हणाले, "मी हजर होतो, व्हय. पण फंड माझा न्हाय, साठ जणांचा हाय. आज पुन्हा दिले आन् उद्या त्या लोकांनी जुन्या नोंदी परत आणल्या तर? दोनदा जातील. तवा मी कुणाला तोंड दाखवू? ज्यांनी एकदा पुसलं, ते काय बी करतील."

धुळाप्पा खरंच बोलत होते, ते काय बी करतील. दोन दिवसांपूर्वी मुजीबनं छातीठोकपणे सांगितलं असतं, असं होणारच नाही. आता जीभ रेटेना.

"अण्णा, एकदा दुकानात या," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांनी बघा."

धुळाप्पा आले. मुजीबनं नवीन सॉफ्टवेअर टाकलेलं नव्हतं. त्याचं मशीन अजून जुनीच नोंद धरून बसलं होतं. जगात असं करणारी तीनच मशीनं उरली होती. दुसरं बोलिव्हियात, तिसरं फिनलंडमध्ये. त्यानं धुळाप्पांना खुर्ची दिली, एका बाजूला मशीनचा स्क्रीन ठेवला, दुसऱ्या बाजूला मोबाइल. इथं अकरा चार आहे. तिथं नाही.

धुळाप्पांनी बराच वेळ दोन्हीकडं पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे मी तिकीट फाडलं. माणूस गाडीत बसला, उमरग्याला उतरला, घरी जाऊन जेवला बी. आन् संध्याकाळी डेपो म्हणतोय, गाडी सुटलीच न्हवती?"

"तसंच, अण्णा."

"आन् डेपोत कोण हाय ते आपल्याला म्हायती न्हाय."

"परवापर्यंत डेपो हाय हेच म्हायती नव्हतं."

तीस वर्षं धुळाप्पांनी तिकिटं फाडली होती. एकदा चार आण्यांचा फरक आला म्हणून त्यांचं निलंबन झालं होतं, ते त्यांनी लढून मागं घ्यायला लावलं होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"माणूस उतरला असेल तर भाडं द्यायलाच पाहिजे. फिरवा किल्ली."

ह्या वेळीही आठ सेकंद लागले. हिरवी खूण आली, पण कुणालाच बरं वाटलं नाही. बब्रुवान फोनवर म्हणाला, "दिसतायत. पण मुजीबभाई, आता दिसण्याला काय अर्थ?" त्यानं तासाभरात ते नाणं विकून रियाल करून घेतले आणि मगच श्वास सोडला.

रविवारी मुजीबनं सगळ्या सभासदांची बैठक बोलावली. गावातले अंगणात, मस्कतचे मोबाइलच्या पडद्यावर. युसरा म्हणाली होती, अब्बा, लेखी कळवा. त्यानं ऐकलं नाही. तो उभा राहिला, त्याच जागी जिथं चार वर्षांपूर्वी उभा होता.

"म्या तुमाला सांगितलं होतं, ह्याला मालक न्हाय. ते चूक होतं. मालक होते, मला दिसले न्हाईत, कारण म्या बघितलेच न्हाईत. मी दुसऱ्याच्या मशीनचं झाकण उघडून बघतो, ह्याचं न बघता जबान दिली. फंड हितनं काढून घेऊ. जे काही नुकसान निघंल ते मी भरीन."

पडद्यावरून कुणीतरी ओरडलं, "तवाच आम्ही म्हणत होतो!" तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण मुजीबनं वाद घातला नाही. दोघांनी आपला हिस्सा परत मागितला, त्यांना तो दिला. नुकसान काही निघालं नाही. धुळाप्पा उठून एवढंच म्हणाले, "किल्ली मी बी फिरवली होती. एकट्याला बोलू नका."

फंड बँकेत न्यायला पाच महिने लागले. संस्थेची नोंदणी करा, ठराव करा, तिघांच्या सह्या, कराचे कागद. मुजीब धाराशिवला अकरा वेळा गेला. शेवटच्या खेपेला त्यानं मॅनेजरला विचारलं, "साहेब, हे खातं कोण कोण थांबवू शकतं?" मॅनेजरला प्रश्न विचित्र वाटला, पण त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. बँक, कोर्ट, आयकरवाले, आणि सही करणारे तुम्ही तिघं. मुजीबनं डायरी काढून सगळी नावं लिहून घेतली, कुठल्या कार्यालयात तक्रार करायची तेही विचारलं. मॅनेजर हसले. मुजीब हसला नाही.

बोलिव्हियातलं मशीन मार्चमध्ये बंद झालं. फिनलंडवाल्यानं एक छोटा निरोप पाठवला, माफ करा, घर बदलतोय, आणि तोही गेला. मुजीबनं आणखी नऊ दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्यानं अकरा चारच्या नोंदीचा फोटो काढून घेतला आणि मशीन बंद केलं. बॅटऱ्या त्यानं उर्दू शाळेच्या कॉम्प्युटर खोलीला दिल्या.

अक्रम मे महिन्यात घरी आला. कुबडी घेऊन, मग काठी घेऊन. दर गुरुवारी त्याला सोलापूरला व्यायामासाठी जावं लागतं, आणि एसटी येईपर्यंत तो मुजीबच्या दुकानात बाकावर बसतो. त्याला झालेलं सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. एका गुरुवारी त्यानं विचारलं, "चाचा, माझं ऑपरेशन नक्की कुणाच्या पैशानं झालं?"

मुजीब एका मोबाइलला डाग देत होता. त्यानं सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली.

"मंगळवार ते गुरुवार बब्रुवानच्या," तो म्हणाला. "त्याच्यानंतर सगळ्यांच्या."

"बब्रुवानरावांना देताना म्हायती होतं का, की ते त्यांचे पैसे हायत?"

"न्हाय," मुजीब म्हणाला. "कुणालाच म्हायती नव्हतं."

बाहेर सोलापूरची गाडी लागली, तसा मुजीबनं उठून त्याची पिशवी उचलली.